हलका बार

रात्री साडेनऊला, ओटा पुसून झाला की
टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरते,
पंखा बंद करते
(काट्याला झुळूकसुद्धा वजनासारखी लागते)
आणि रिकाम्या पुंगळ्या ओतते.

प्रत्येकीचं तोंड नखाने चाचपायचं.
चीर लागली तर डाव्या डब्यात.
उरलेल्या चिंचेच्या कोळात.
घुमरे सर म्हणाले, बाई, त्याला यंत्र मिळतं.
म्हटलं, सर, मी तांबट आळीतली.
पितळ उजळायला मला यंत्र शिकवणार?

वडील घागरीच्या पोटावर एक ठोका मारायचे
आणि थांबायचे.
थांबायचे जास्त, मारायचे कमी.
"जोर केला की भांडं रुसतं."
मला मात्र नोटांच्या छापखान्यात नोकरी लागली.
एकतीस वर्षं कागद तपासला.
रेघ फिकी, टिंब जास्त: रद्द.
आता त्याच डोळ्यांनी
पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोकं पाडते.
लेक म्हणतो, आई, तू सूड घेतेस.

घेत असेन.

द्वारका चौकात स्कूटरवरून पडले तेव्हाचं मनगट
अजून पावसाआधी बोलतं.
दुकानात दाखवलेलं पहिलं पिस्तूल
काळं, देखणं, नव्या म्हशीसारखं लाथाळ.
पाच बार झाले, दोन दिवस चमचा धरवेना.
मग देवळालीत, लॅम रोडच्या बंगल्यात
केरसीशेठ बिलिमोरियांनी मखमलीतून काढलं
बत्तीसचं, जड नळीचं, मूठ अक्रोडाची,
त्यांचे हात थरथरू लागल्यापासून गप्प असलेलं.
"ए लाथ नाय मारते, बाई.
ए खांद्यावर हात ठेवते."
कागदपत्रांना सात महिने लागले.
नंतर दर रविवारी त्यांचा फोन:
कशी वागते? तेल कोणतं घालते?
माझी चौकशी कधीच नाही.

दारू मी कमीच घालते.
किती ते वहीत आहे, आणि वही कुलपात.
क्लबातली पोरं हसतात, मावशींचा फुसका बार.
हसू देत.
कागदाला भोक पाडायला
असा किती राग लागतो?

तिकडे तोफखान्याचा रात्रीचा सराव चालतो,
खिडकीची काच हुं म्हणते,
आणि इकडे मी श्वास धरून
तिळाएवढा फरक शोधत बसते.

जिल्हा स्पर्धेला, दुसऱ्या फेरीत,
चार बार काळ्याच्या आत. चारही.
पाचवा
खोकल्यासारखा वाजला.
हाताला काहीच लागलं नाही, खांद्यावरचा हातसुद्धा नाही.
शेजारचा पोरगा पुटपुटला, ओढा ना परत, वेळ जातोय.

मी थांबले.
नळी समोर, बोट बाहेर, डावा हात वर.
घड्याळ चालू होतं, ते चालू दिलं.
घुमरे सरांनी नळीत लाकडी काठी घातली
तर ती निम्म्यावर अडली.
गोळी आतच बसलेली.
सहावा ओढला असता तर
अक्रोडाची मूठ आणि माझी मूठ
वेगवेगळी गोळा करावी लागली असती.

दारूच नव्हती त्या पुंगळीत.
मी भरलेली. मी तपासलेली.

टेबलावरून मी एकदाच उठले होते,
मधल्या बुधवारी.
फोन केरसीशेठच्या नंबरवरून होता,
आवाज त्यांच्या मुलीचा.
परत येऊन बसले तेव्हा
कुठपर्यंत भरलं होतं ते आठवलं, असं वाटलं.

नंबर सतरावा आला. पोरांनी चहा पाजला,
फुसका कुणी म्हणालं नाही.
ती पुंगळी खिशात घालून घरी आणली,
थंडच होती.
वहीत लिहिलं: पाचवा बार. रद्द.
तपासनीस म्हणून खाली सही केली,
जुनी, छापखान्यातली, पूर्ण नावाची.

मग फोन आतल्या खोलीत ठेवून आले
आणि पंखा बंद केला.